दुसऱ्यांदा बोलावणं

एकदा एका गिटारवादकाला प्रश्न पडला, की आपल्याला सगळे एकदाच का बोलावतात?

प्रश्न साधा होता. ज्याला पडला तो मात्र साधासुधा नव्हता. वय चौतीस. जॅझ आणि आपलं रागसंगीत यांच्या मिलाफातून जे फ्यूजन हल्ली सभागृहांत वाजतं, त्यात त्याच्याइतका तयार हात त्या शहरात दुसरा नव्हता. साडेसात मात्रांचं कोडं घाला, तो हसत हसत समेवर येई. त्याचं स्वतःचं पथक नव्हतं. निरनिराळे बँड त्याला आपल्या कार्यक्रमात पाहुणा म्हणून बोलावत. जाहिरातीत बँडमधल्या माणसांची नावं लहान अक्षरांत असत आणि त्यांच्याखाली 'विशेष अतिथी' म्हणून याचं नाव चांगलं ठसठशीत. दहा वर्षांत असे एकतीस कार्यक्रम झाले. एकतीस वेळा टाळ्या कडाडल्या. पण ते एकतीसही बँड वेगवेगळे होते.

सुरुवातीला त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. नवा गडी, नवं राज्य, असं म्हणून तो पुढच्या मंचावर चढे. पुढेपुढे मात्र एक गोष्ट टोचू लागली. कार्यक्रम संपला की बँडमधली मंडळी वायरी गुंडाळता गुंडाळता एकमेकांची फिरकी घेत. अमक्या वळणावर तू कसा घसरलास, तमक्या जागी मी तुला कसं सावरलं. हा आपली गिटार खोळीत घालून बाजूला उभा असे. त्याची फिरकी कोणी घेत नसे. त्याला हारतुऱ्यांसह गाडीपर्यंत पोहोचवत, आणि गाडी हलली की ती मंडळी पुन्हा आत जात.

अशात त्याच्या कानावर एक बातमी आली. चौघांचा एक बँड होता. एक गायक, एक ड्रम वाजवणारा, एक बेस गिटारवाला आणि पेटीवर कालिंदीताई नावाच्या साठीच्या बाई. तीन वर्षांपूर्वी हा त्यांच्याकडे पाहुणा म्हणून वाजवून आला होता, आणि खरं सांगायचं तर एकतीस बँडांत त्याचा जीव जडला असेल तर तो या एकावर. त्या चौघांना आता पाचवा माणूस हवा होता. पाहुणा नव्हे, कायमचा गिटारवाला. वर्षभर गावोगाव बरोबर हिंडणारा. याने महिनाभर फोनची वाट पाहिली. फोन आला नाही. उलट असं कळलं, की येत्या रविवारच्या सकाळच्या मैफलीत त्यांनी पाहुणा म्हणून बोलावलंय ते याच्या गुरूंना, शहात्तर वर्षांच्या मास्तरांना. आणि तेही सहाव्यांदा.

हे मास्तर म्हणजे एक वल्लीच होती. सारी हयात दुसऱ्यांच्या ध्वनिमुद्रणांत, हॉटेलांत आणि ऑर्केस्ट्रांत वाजवण्यात गेली. जाहिरातीत त्यांचं नाव क्वचितच येई, आलं तर त्यातही चूक असे. पण एकदा ज्याच्याकडे त्यांनी वाजवलं, तो त्यांना सोडत नसे. ज्याच्या लग्नात त्यांची गिटार वाजली, त्याच्या मुलाच्या लग्नातही तीच वाजली पाहिजे, असे हट्ट धरणारे लोक त्या शहरात अजून आहेत.

शिष्य त्यांच्या घरी गेला तेव्हा मास्तर खिडकीशी बसून उजव्या हाताची नखं कानशीने घासत होते. शिष्याने मनातलं सगळं ओतलं. बँडने आपल्याला टाळलं याचं दुःख सांगितलं, आपल्या तयारीचा हिशेब मांडला, आणि शेवटी म्हणाला, की तुमचा त्यांच्याकडे एवढा मान आहे, तर माझ्यासाठी नुसता एक शब्द टाका.

मास्तरांनी कानशी खाली ठेवली. ते म्हणाले, "मी शब्द टाकला तर ते तुला एकदा बोलावतील. तेवढं तर तुला माझ्याशिवायही जमतं."

शिष्याला हे लागलं. पण मास्तरांनी पुढे काही विस्तार केला नाही. एवढंच सांगितलं, की रविवारी माझ्याबरोबर चल, आणि माझी गिटार तू लावून दे. त्या सूर लावायच्या यंत्राचा बारीक काटा मला आता दिसत नाही.

रविवारी सकाळी आठला दोघे सभागृहात पोहोचले. मैफल दहाची होती. मंचामागच्या खोलीत चहा चालला होता. तीन वर्षांनी या चौघांसमोर उभं राहताना शिष्याला अवघडल्यासारखं झालं. पण त्यांनी त्याचं स्वागत अगदी आदराने केलं. गायकाने खुर्ची पुढे केली. कालिंदीताईंनी साखर किती, म्हणून विचारलं. त्या आदरात बोट ठेवायला जागा नव्हती, आणि तरी खुर्चीवर बसल्यावर त्याला उगाच परकं वाटत राहिलं.

कोपऱ्यात पेटी होती. ती पाहून त्याला मागची आठवण झाली. त्या वेळी याच खोलीत त्याने पेटीचा एक सूर ऐकला होता आणि लगेच ओळखलं होतं, की ही केसभर चढी आहे. ताईंच्या वडिलांनी ती आपल्या गळ्याच्या सोयीने तशी लावून घेतली होती आणि पुढे ती तशीच राहिली. त्याने स्पष्ट सांगितलं होतं, की या पेटीशी माझी गिटार जुळणार नाही. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग ताई स्वतःच म्हणाल्या होत्या, "हरकत नाही." दुपारपर्यंत कुठून तरी विजेवर चालणारा कीबोर्ड भाड्याने आला, ताईंनी त्यावर साथ केली, कार्यक्रम झोकात झाला. आपल्या कानाच्या तिखटपणाचा हा किस्सा त्याने पुढे चारचौघांत बऱ्याचदा सांगितला होता.

तो मास्तरांची गिटार घेऊन बसला. यंत्र चिकटवलं आणि एकेक तार अशी लावली, की काटा मधोमध येऊन हलायचा थांबे. सहाही तारा निर्दोष. गुरूंच्या हाती इतकं नेमकं लावलेलं वाद्य आपण देतो आहोत, याचं त्याला मनातून समाधान वाटलं.

मास्तर मंचावर आले. चौघे आपापल्या जागी बसले होते, समोर ध्वनियंत्रणेची माणसं होती. मास्तरांनी गिटार मांडीवर घेतली, सहाही तारांवरून एकदा अंगठा फिरवला, मान डोलावली आणि म्हणाले, "फार सुरेख लावलीस." आणि मग सगळ्यांच्या देखत त्यांनी सहाही खुंट्या एकामागोमाग एक पिळून तारा सैल करून टाकल्या. इतक्या सैल, की शेवटची तार छेडल्यावर नुसती फडफडली.

शिष्याचा चेहरा उतरला. पाठ थोपटायची आणि त्याच हाताने केलेलं काम पुसून टाकायचं, याला काय म्हणावं त्याला कळेना. या चौघांसमोर तरी मास्तरांनी असं करायला नको होतं. वय झालं, त्याने स्वतःची समजूत घातली, आणि पुन्हा लावून देण्यासाठी तो पुढे सरकला. मास्तरांनी हातानेच त्याला थांबवलं. ते आपली खुर्ची ओढत पेटीपाशी गेले आणि ताईंना म्हणाले, की जरा तुमचा सूर द्या.

ताईंनी भाता हलवला आणि एक पट्टी दाबून धरली. त्या सुरावर कान ठेवून मास्तर पहिली तार चढवू लागले. त्यांना घाई नव्हती. म्हातारे कान, जाड बोटं. एकेका तारेला दोन-दोन मिनिटं लागत होती. ध्वनियंत्रणेवाले घड्याळ पाहू लागले. पण शिष्याला नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. बेस गिटारवाला उठून न सांगता पेटीच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसला आणि त्याच सुराशी आपल्याही तारा पडताळू लागला. हे त्यांचं नेहमीचंच होतं, असं त्यांच्या सवयीच्या हालचालींवरून दिसत होतं. तीन वर्षांपूर्वी त्याने हे पाहिलं नव्हतं. पाहायला त्या दिवशी पेटीच नव्हती.

मास्तरांचं झाल्यावर शिष्याने गुपचूप यंत्र तारांजवळ नेलं. काटा सहाही वेळा उजवीकडे, म्हणजे चढ्या बाजूला, कलला. यंत्राच्या दृष्टीने गिटार सबंध चुकली होती.

मैफल सुरू झाली. मास्तर आता चार स्वर लावून गप्प बसतील, आणि थोडकं वाजवण्याचा काहीतरी धडा आपल्याला देतील, अशी शिष्याची अटकळ होती. ती साफ चुकली. म्हातारा सुटला. दुसऱ्याच रचनेत त्याने अशा काही ताना घेतल्या, की ड्रमवाल्याची तारांबळ उडाली आणि तो हसत हसत मागे धावला. ताईंनी त्यातली एक तान पेटीवर उचलली, मास्तरांनी ती त्यांच्या हातून काढून घेतली, पुन्हा परत दिली. एका जागी तर नेमकं कोण वाजवतंय हे शिष्याच्या तयार कानालाही सांगता येईना. पेटीतून गिटार निघत होती की गिटारमधून पेटी, कोण जाणे. चुकलेला असा एकही सूर त्याला ऐकू आला नाही.

मैफलीनंतर सभागृहाच्या आवारात बटाटेवडे आणि चहा होता. मास्तर शेवग्याच्या झाडाखालच्या बाकावर बसले. शिष्य शेजारी बसला खरा, पण वडा हातातच राहिला. त्याने शेवटी विचारलंच, की तारा तुम्हाला सैलच करायच्या होत्या तर माझ्याकडून लावून का घेतल्यात? आणि यंत्र काही खोटं बोलत नाही. पेटी चढीच आहे.

मास्तरांनी आधी आपला वडा संपवला. मग म्हणाले, "चढी आहे. मी कुठे नाही म्हणतो? तीन वर्षांपूर्वी तू जे सांगितलंस त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. आता पुढचं ऐक. त्या पेटीत पितळेचे सूर ठोकून बसवले आहेत. बाईंनी कितीही मनात आणलं, तरी दहाच्या मैफलीसाठी ते खाली उतरायचे नाहीत. आपल्या गिटारला सहा खुंट्या आहेत. पंधरा मिनिटांचं काम. ज्याला फिरता येतं त्याने फिरायचं. यात कमीपणा नाही आणि मोठेपणाही नाही. ज्याच्याकडे खुंट्या, त्याचं ते काम. तुझ्याकडे तर माझ्यापेक्षा जास्त खुंट्या आहेत. तू कुठल्याही लयीत जातोस, कुठल्याही पट्टीत वाजवतोस. एवढं ज्याला येतं, त्यानेच दुसऱ्याला म्हणावं की तुझी पेटी बदल?"

शिष्याने हातातला वडा खाली ठेवला. मग जरा दुखावूनच म्हणाला, की हे त्यांनी मला तेव्हाच का नाही सांगितलं?

"पाहुण्याला कोण सांगतं?" मास्तर म्हणाले. "पाहुणा म्हणाला आमटी अळणी आहे, की घरातले मुकाट्याने मीठ आणून देतात. घरच्याला म्हणतात, आहे ती खा. तू मीठ मागितलंस, त्यांनी दिलं. पान वाढलं, मान दिला आणि निरोप दिला. आता तो माणूस पंगतीला रोज कशाला हवा?"

तारा अगदी सैल कशासाठी केल्या, हेही मग त्यांनी सांगून टाकलं. यंत्रावर लागलेली तार बरोबरच असते, त्यामुळे कान तिची बाजू सोडायला तयार होत नाही. थोडं इकडे थोडं तिकडे करून माणूस मधल्यामध्ये तडजोड करतो, आणि मग ना यंत्राचा सूर राहतो ना पेटीचा. तार एकदा पुरती उतरवली, की कानाला ऐकण्याखेरीज गत्यंतर नसतं. हे नुसतं सांगून तुला पटलं नसतं, म्हणून लावायला तुलाच बसवलं, असं म्हणून ते उठले. निघता निघता त्यांनी विचारलं, की तुमच्या त्या वेळच्या कार्यक्रमाचं चित्रीकरण तुझ्याकडे आहे ना? ते एकदा स्वतःला वगळून बघ.

चित्रीकरण होतं. त्या दुपारी घरी येऊन त्याने ते फोनवर लावलं. आजवर त्याने ते किती वेळा पाहिलं होतं याला गणती नव्हती, पण दरवेळी आपल्या वादनापाशी सुरू केलेलं आणि टाळ्यांपाशी बंद केलेलं. आज त्याने पहिल्यापासून पाहिलं, आणि सगळा वेळ नजर उजव्या कोपऱ्यात ठेवली, जिथे ताई बसल्या होत्या.

समोर तो भाड्याचा कीबोर्ड. उजवा हात पट्ट्यांवर फिरत होता, चुकत नव्हता. डावा हात मांडीवर होता. कीबोर्डला भाता नसतो, त्यामुळे त्या हाताला काही कामच नव्हतं. चाळीस वर्षं ज्या हाताने पेटीत श्वास भरला, तो मांडीवर नुसता पडून होता. मधूनच गाणं रंगे, आणि तो हात आपोआप उचलला जाऊन हवेतच उघडझाप करू लागे. ताईंच्या ते ध्यानात आलं, की त्या तो पदराखाली दाबून धरत. सव्वीस मिनिटांत असं सात-आठ वेळा झालं. आणि त्यांच्यापासून चार हातांवर तो स्वतः डोळे मिटून, मान मागे टाकून, अप्रतिम वाजवत होता.

त्याला मनापासून लाज वाटली. त्याने फोन पालथा ठेवला. किस्सा म्हणून ज्यांना ज्यांना ही गोष्ट सांगितली होती, ते चेहरे एकेक करून त्याच्या डोळ्यांपुढे येऊ लागले.

मंगळवारी सकाळी तो कालिंदीताईंच्या घरी गेला. यंत्र त्याने मुद्दाम घरी ठेवलं होतं. ताई मोड आलेली मटकी निवडत होत्या. त्याला दारात पाहून त्यांना आश्चर्य वाटलं, पण ते त्यांनी दाखवलं नाही. आत घेतलं, पंखा लावला. वाटेत चार-पाच वाक्यं त्याने जुळवून ठेवली होती. ताई, तीन वर्षांपूर्वी मी, एवढं म्हणून तो अडला, आणि पुढची वाक्यं काही केल्या आठवेनात.

ताई म्हणाल्या, "आधी पाणी घ्या."

त्याने पाणी घेतलं. भांडं खाली ठेवलं, खोळीतून गिटार काढली, तिच्या तारा आधीच उतरवलेल्या होत्या. तो म्हणाला, "ताई, एक सूर द्याल?"

ताईंनी त्याच्याकडे एकवार नीट पाहिलं. मग हात पुसून पेटीपाशी बसल्या, आणि भाता हलू लागला. हे काम त्याला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी अवघड निघालं. इतकी वर्षं काट्यावर विसंबलेल्या कानाला आधाराशिवाय चालायची सवयच उरली नव्हती. पहिल्या दोन तारांतच त्याला घाम फुटला. तिसरी लागली असं वाटून तो चौथीकडे वळला, तोच पेटीचा सूर न सोडता ताई म्हणाल्या, "तिसरी अजून उतरलेली आहे."

गेल्या दहा वर्षांत त्याला असं कोणी म्हणालं नव्हतं. त्याने पुन्हा ऐकलं. होती खरीच उतरलेली. "हो," तो म्हणाला, आणि तिसऱ्या तारेकडे परतला.

मग दोघांनी थोडं वाजवलं. काय वाजवलं हे सांगण्यासारखं नव्हतं. एक जुनं पद ताईंनी धरलं, त्याने मागून साथ केली, दोन ठिकाणी चुकला, एका ठिकाणी फार बरं जमलं. मटकी तशीच राहिली होती. अकराच्या सुमाराला तो उठला. पाचव्या माणसाचा विषय त्याने काढला नाही, ताईंनीही काढला नाही. काढायचा नाही असं त्याने येतानाच ठरवलं होतं, आणि आता तर त्याला तो आठवलाही नव्हता.

तो चपला घालत असताना ताई दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, "गुरुवारी दहाला सराव असतो. तीनपर्यंत चालतो. येताना डबा आणा."

बरं, म्हणून तो निघाला. जिना अर्धा उतरल्यावर तो थांबला. एकतीस कार्यक्रमांत लोकांनी त्याला काय काय खाऊ घातलं होतं. पण डबा आण, असं त्याला आजवर कोणीच सांगितलं नव्हतं.